वेगळी कोठडी मागू नका

पत्राचा गोषवारा : पत्र एका विवाहित बहिणीचं आहे. तिचा धाकटा भाऊ दीड वर्षापासून एका मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही. चार महिन्यांपूर्वी आत रक्ततपासणीचं शिबिर झालं, त्यात तो एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. सीडी-४ चा, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा, आकडा १६८ आला. सरकारी रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रातून औषध सुरू झालं आणि पंधरा दिवसांत बरॅकभर बातमी पसरली. त्याचं अंथरूण संडासाच्या दाराशी सरकवलं गेलं, प्यायचा मग वेगळा झाला, दाढी करणारा कैदी त्याला हात लावेना. 'मोठ्या आजारवाला' असं नाव पडलं. आता तो गोळ्या चुकवतो, कारण डबी खडखडली की माना वळतात. मुलाखतीला गेलेल्या बहिणीला त्याने काचेपलीकडून सांगितलं की वकिलाला सांगून कोर्टात अर्ज टाक, मला वेगळी कोठडी द्या म्हणावं. आणि बायकोला यातलं काही कळू देऊ नकोस. बायको चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आहे. बहीण विचारते : अर्ज टाकू का? वहिनीपासून हे किती दिवस लपवू? जामीन झाला तर तो माझ्याकडेच येईल. घरात माझी दोन लहान मुलं आहेत, मिस्टर म्हणतात मागची खोली आणि भांडी वेगळी द्यायची. त्यात चूक काय? पत्राची शेवटची ओळ अशी : 'तुरुंगात जाऊन त्याने हे काय करून घेतलं, आईला काय सांगू?'

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. 'तुरुंगात जाऊन करून घेतलं' हे तुम्हाला कोणी सांगितलं? रिपोर्टने नक्कीच नाही. एचआयव्हीच्या तपासणीतून लागण आहे की नाही एवढंच कळतं. कधी झाली आणि कोणाकडून झाली, हे कळत नाही. थोडाफार अंदाज बांधायचा तर तो सीडी-४ वरून बांधता येतो. निरोगी माणसात या पेशी साधारण पाचशेच्या वर असतात. लागण झाल्यावर त्या हळूहळू घटत जातात, आणि औषध नसेल तर दोनशेच्या खाली यायला बहुतेकांना कित्येक वर्षं लागतात. काहींची घसरण झपाट्याने होते, म्हणून छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. तरी १६८ हा आकडा पाहता ही लागण अटकेच्या आधीची असण्याची शक्यताच जास्त दिसते.

असं पुष्कळांचं होतं. बाहेर असताना ज्याने कधी रक्त तपासून घेतलं नाही, त्याचं रक्त पहिल्यांदा तपासलं जातं ते तुरुंगात, आणि मग सापडलेला आजार तुरुंगाच्या खात्यावर जमा होतो. आत लागण होतच नाही असं मी म्हणत नाही. एकाच सुईने नशा करणं, एकाच सुईने गोंदवून घेणं, निरोधाविना संबंध, हे आत चालतं आणि ते चालतं असं मान्य करायला कोणी तयार नसतं. पण तुमच्या भावाच्या बाबतीत खोदत बसून तुमच्या हाती काय लागणार? लागण जुनी असू शकते हे लक्षात ठेवायचं ते फक्त वहिनीसाठी. तिच्याकडे मी पुढे येते. आईला सांगायचं की नाही, हे मात्र त्याचं त्याला ठरवू द्या. तोवर 'अशक्तपणा आहे, औषध चालू आहे' एवढं आईला पुरेसं आहे, आणि ते खोटंही नाही.

आता अर्जाचं.

त्याला वेगळं राहावंसं का वाटतं हे कोणालाही कळेल. बरॅकमध्ये माणशी अंथरुणापुरती जागा. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची मंजूर क्षमता हजाराच्या आत आहे आणि गेली कित्येक वर्षं तिथे त्याच्या तिप्पट-चौपट माणसं राहतात. बाकी मध्यवर्ती कारागृहांतही दाटीच आहे. अशा जागेत कोण कुठे झोपतो यावरून त्याची पत ठरते. जुना, पैसेवाला असेल तो पंख्याखाली. नवखा, ज्याला घरून मनीऑर्डर येत नाही, तो संडासाकडे. तुमच्या भावाचं अंथरूण सरकलं म्हणजे त्या उतरंडीत तो तळाला गेला, आणि तिथून चोवीस तास सगळ्यांच्या नजरेखाली. त्या नजरा चुकवायला तो भिंत मागतो आहे.

पण ती भिंत मिळाली तर? तुरुंगात एकट्याची कोठडी कोणाला मिळते? मारामारी केलेल्याला, पळून जाईल अशी भीती असलेल्याला, गाजलेल्या खटल्यातल्या आरोपीला. दिवसातला बहुतेक वेळ कुलपात. रात्री ताप चढला तर वॉर्डरला हाक मारणारा शेजारी नाही. आधीच खचलेल्या माणसाला तिथे एकटं ठेवणं मला तरी धोक्याचं वाटतं. आणि आज जे एका बरॅकला ठाऊक आहे ते आठवड्यात अख्ख्या सर्कलला, म्हणजे आसपासच्या सगळ्या बरॅकींना, कळेल, कारण काही आगळीक न करता हा माणूस कोठडीत का, असा प्रश्न प्रत्येक जण विचारणार. 

गोव्यात हे एकदा घडून गेलं आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. गुन्हा काहीच नव्हता. तो नेमाने रक्तदान करायचा आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या त्या वेळच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवायची तरतूद होती. म्हापशाच्या एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याला ठेवलं. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. डॉमिनिक बाहेर आला तोवर त्याचं नाव देशभर झालं होतं. पुढे त्याने गोव्यात एचआयव्ही झालेल्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. ताई, त्या आईने मुलाला वेगळं ठेवू नका म्हणून कोर्टाची पायरी चढली होती. तुम्ही नेमकं उलटं मागायला निघाला आहात.

परदेशातही काही वेगळं झालं नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एचआयव्ही असलेले कैदी वर्षानुवर्षं निराळ्या इमारतीत ठेवले जात, आणि पुरुषांच्या दंडाला पांढरी पट्टी बांधलेली असे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. तीही सुरू झाली होती ती 'सगळ्यांच्या भल्यासाठी' म्हणूनच.

एका गोष्टीत मात्र तुमच्या भावाची भीती खरी आहे, फक्त तिची दिशा चुकली आहे. प्यायचा मग, ताट, चादर, संडास, डास, खोकला यांतून एचआयव्ही पसरत नाही. त्याच्यामुळे बरॅकला धोका नाही. बरॅकमुळे त्याला आहे, आणि तो क्षयाचा आहे. सीडी-४ दोनशेच्या खाली असताना, हवा खेळत नाही अशा खोलीत, खोकणाऱ्या माणसांशेजारी झोपणं हे त्याच्यासाठी खरं संकट आहे. म्हणून मुलाखतीला गेलात की चार गोष्टी न चुकता विचारा : खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घामाने अंगरखा भिजतो का. एकाचंही उत्तर 'हो' असेल तर त्याने त्याच दिवशी कारागृहाच्या डॉक्टरांना सांगायला हवं. क्षय नसेल तर तो होऊ नये म्हणूनही गोळ्यांचा कोर्स असतो, आणि सीडी-४ इतका खाली असताना इतर संसर्ग टाळायची वेगळी गोळीही देतात. ती दोन्ही सुरू आहेत का, हे विचारा. बरॅक बदलून मागायचीच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, क्षयाच्या धोक्याचं कारण देऊन, खिडकीजवळची किंवा कमी गर्दीची जागा मागा. 'एकटं ठेवा' हे शब्द अर्जात नकोत.

मग मागायचं काय? माझं सांगणं असं की जे सगळ्यांना मिळू शकेल असंच मागा, म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवायला कोणाला जागा उरणार नाही.

दाढीचंच घ्या. एकच पातं दहा जणांच्या गालांवरून फिरणं कोणाच्याही हिताचं नाही. बी आणि सी प्रकारची कावीळ त्यातून सहज पसरू शकते. 'प्रत्येकाला नवं पातं मिळावं' ही मागणी कोणताही कैदी करू शकतो, त्याला कोणाचं नाव लावावं लागत नाही. तसंच संपूर्ण बरॅकसाठी एचआयव्ही आणि क्षयाची माहिती देणारं सत्र. जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडे आणि एचआयव्ही समुपदेशन केंद्राकडे तुरुंगात जाऊन अशी सत्रं घेणारे समुपदेशक असतात. सत्र कोणासाठी आहे हे सांगायची गरज नाही. साठ माणसांच्या बरॅकमध्ये कावीळ, क्षय, साखर, रक्तदाब असलेले बरेच निघतात; बोलणं सगळ्यांबद्दल झालं की नजर एकट्यावर राहत नाही. ज्याने मग वेगळा केला तोही बहुतेक घाबरलेलाच असतो, हे विसरू नका. त्याला कोणी नीट सांगितलेलंच नाही.

आता त्या खडखडणाऱ्या डबीकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या अख्ख्या पत्रात तातडीची गोष्ट हीच आहे. कोठडी मिळो न मिळो, गोळी चुकता कामा नये. हल्ली बहुतेकांना टीएलडी नावाची एकच गोळी दिवसातून एकदा असते. ती रात्रीच घ्यायला हवी असं नाही. जेवणाआधी, जेवणानंतर, कधीही चालते, फक्त वेळ रोज तीच ठेवायची. संध्याकाळी बरॅक बंद झाल्यावर, सगळे आत असताना गोळी काढली की सगळे बघणारच. सकाळी बरॅक उघडते, माणसं चहाला, नळावर, पटांगणात पांगतात, तेव्हाची वेळ धरता येईल का हे त्याला विचारा. महिन्याची डबी दवाखान्यात ठेवून आठवड्याच्या सात गोळ्या साध्या पुडीत द्याव्यात, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. काही ठिकाणी दवाखान्यात मदतीला असलेला कैदी नावं पुकारून गोळ्या वाटतो. तसं असेल तर रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर, त्याच रांगेत, त्याच तऱ्हेच्या पुडीत याचीही गोळी द्यावी. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो असं मला वाटतं.

एक बारीकशी गोष्ट. आत पोटात जळजळ झाली की अ‍ॅसिडिटीची गोळी आणि अशक्तपणाला लोहाची गोळी सर्रास देतात. या टीएलडीबरोबर एकाच वेळी घेतल्या तर टीएलडीचा असर कमी होऊ शकतो. त्याने डॉक्टरांना विचारून दोन्हींच्या वेळांत अंतर ठेवावं. आणि एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

गोळी का इतकी महत्त्वाची, तेही त्याला सांगा; समुपदेशकाने सांगितलं असेल, पण शेजारी हवालदार उभा असताना अशा गोष्टी डोक्यात शिरत नाहीत. औषध नेमाने घेतलं तर बहुतेकांच्या रक्तातला विषाणू काही महिन्यांत इतका कमी होतो की तपासणीत दिसेनासा होतो. ती व्हायरल लोडची तपासणी औषध सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी होते. तुमच्या भावाची दोन महिन्यांवर आली आहे. विषाणू तपासणीत न दिसण्याइतका दबला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना दोन्ही हे सांगतात. औषध सोडलं तर मात्र विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. म्हणजे बरॅकच्या भीतीने गोळी चुकवून तो त्याच आजाराला बळ देतो आहे जो लपवायची त्याची धडपड आहे.

एआरटी केंद्रावर नेण्याचंही बघा. सोबत न्यायला पोलिसांची गार्द मिळाली नाही म्हणून तारीख हुकणं ही तुरुंगातली नेहमीची रड आहे. तिथे नेल्यावर पोलीस दाराबाहेर, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर थांबावा, असं समुपदेशक स्वतः सांगू शकतो. रुग्णाचं बोलणं खासगी ठेवणं हे त्याचं कामच आहे.

हे सगळं मागायला तुमच्याकडे कायद्याचा आधार आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या ३१ व्या कलमानुसार सरकारच्या ताब्यातल्या प्रत्येकाला, म्हणजे शिक्षा झालेल्याला आणि कच्च्या कैद्यालाही, एचआयव्हीची तपासणी, समुपदेशन आणि उपचार मिळण्याचा हक्क आहे. कलम ५ प्रमाणे माणसाला समजावून, त्याची संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही. कलम ८ प्रमाणे त्याच्या संमतीविना ही माहिती उघड करता येत नाही. कोर्टाचा आदेश वगैरे मोजके अपवाद आहेत. या शिबिरांबद्दल माझी तक्रार आहे ती इथेच. ओळीने हात पुढे करायला लावायचे, 'सरकारी तपासणी' म्हणायचं, आणि निकालाचा कागद कैद्यांच्याच हातून फिरवायचा. तुमच्या भावाच्या बाबतीत काय झालं मला माहीत नाही, पण पंधरा दिवसांत बरॅकला कळलं म्हणजे कुठेतरी कोणाचं तोंड किंवा कोणाची फाईल उघडी राहिली.

तरी पहिल्याच पावलाला लढाई नको. तो आत आहे आणि रोज त्याच माणसांच्या हाताखाली आहे. आधी कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा किंवा पत्र द्या, बंद पाकिटात, वर फक्त 'उपचाराबाबत' एवढं लिहून. दोन आठवड्यांत काही हललं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. त्यांचे वकील कारागृहात जातात, पैसे लागत नाहीत. फोन १५१०० वर करता येतो. या कायद्याखालच्या तक्रारी ऐकायला राज्याने लोकपाल नेमायचा असतो आणि त्याने ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो. तुमच्या भागासाठी तो कोण आहे हे जिल्हा एड्स नियंत्रण पथक सांगेल. आणि कोर्टात कुठलाही अर्ज टाकायची वेळ आली तर वकिलाला सांगा की कलम ३४ खाली नाव झाकून, टोपणनावाने अर्ज चालवायची विनंती करता येते. भरल्या कोर्टात 'माझ्या अशिलाला एचआयव्ही आहे' असं मोठ्याने वाचलं गेलं तर त्याच पोलीस गाडीतून परतणारे दहा कैदी ते ऐकतात.

वकिलाशी बोलणार आहातच तर त्याचा वेळ जामिनावर खर्च करा. आजारी किंवा अशक्त आरोपीचा जामिनासाठी वेगळा विचार करण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्येही आहे. नुसतं पॉझिटिव्ह असणं त्याला पुरेल असं नाही. सीडी-४, वजन, हुकलेल्या तारखा हे कागद लागतील. शिवाय कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्याचा विचार व्हायला हवा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असतील तर हे लागू होत नाही. तुमच्या भावावर कोणतं कलम आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, मी विचारतही नाही. हिशेब वकिलाकडून करून घ्या.

आता वहिनी. ताई, इथे मी तुमच्या भावाच्या बाजूने नाही. त्याच्या बातमीवर त्याचा हक्क आहे, पण वहिनीच्या रक्तात काय आहे हे कळण्याचा हक्क तिचाही आहे, आणि लागण जुनी असेल तर तिला आणि कदाचित त्या चार वर्षांच्या मुलीलाही उपचारांची गरज असू शकते. तिला लागण झालेलीच असेल असं समजू नका. कित्येक जोडप्यांत एकच जण पॉझिटिव्ह असतो. पण हे तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि त्याची सुटका होईपर्यंत थांबणं तिच्यावर अन्याय आहे.

तरी तुम्ही परस्पर फोन करून सांगू नका. नणंदेच्या तोंडून, माहेरी, चार माणसांत हे ऐकलं तर तिला धक्का बसेल आणि त्याचा तुमच्यावरचा विश्वास जाईल. आत त्याच्याकडे सध्या तुमच्याशिवाय कोणी नाही. त्याला मुदत द्या. पुढच्या मुलाखतीपर्यंत विचार कर, त्यानंतर तू सांग किंवा समुपदेशकाला सांगू दे, असं स्पष्ट म्हणा. तो नाहीच म्हणाला तरी कायद्यात वाट आहे. जोडीदाराला लागण होण्याचा धोका आहे आणि समजावूनही रुग्ण सांगत नाही असं दिसलं, तर त्याला तशी कल्पना देऊन, डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समोरासमोर बसवून, आधार देत सांगू शकतो. कलम ९ आहे ते. तुम्ही एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला एवढंच सांगा की त्याचं लग्न झालेलं आहे आणि बायकोची तपासणी झालेली नाही. वहिनी पॉझिटिव्ह निघाली आणि सासरच्यांनी घराबाहेर काढायचा प्रयत्न केला, तर राहत्या सामायिक घरात राहण्याचा हक्क हाच कायदा तिला देतो. तेव्हा तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहाल ना? हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. भाऊ आत गेला की भावजयीला 'पांढऱ्या पायाची' म्हणणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यात एचआयव्हीची भर पडली की सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटतं. तुरुंगातल्या पॉझिटिव्ह बायकांचं तर विचारूच नका. त्यांना भेटायला येणारं माणूसच विरळा.

आणखी एक खबरदारी. यातलं काही पत्रात लिहू नका; तुरुंगातली पत्रं वाचली जातात. मुलाखतीच्या काचेवर दोन्ही बाजूंना माणसं खेटून ओरडत असतात, व्हिडिओ मुलाखतीतही मागे कोणी ना कोणी असतंच. तुमच्या दोघांत एक शब्द ठरवा. 'बीपीची गोळी' म्हणा. किती उरल्या, किती चुकल्या, एवढं त्यात विचारता येतं.

राहता राहिली मागची खोली. भावाचा मग वेगळा ठेवला हे लिहिताना तुम्हाला रडू आलं, असं तुम्हीच पत्रात म्हटलं आहे. आणि त्याच पत्रात, दोन परिच्छेदांनंतर, घरी वेगळी भांडी दिली तर काय चूक, असं विचारता. बरॅकवाले परके तरी होते. मुलांची काळजी आईला वाटणारच, पण या काळजीला आधार नाही : एका ताटात जेवण्याने, मामाने पापा घेतल्याने, एकाच बाथरूममध्ये अंघोळ केल्याने मुलांना काहीही होणार नाही. दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश ज्याचा त्याचा असावा, जसा एरवीही असतो. जखम झाली, रक्त आलं तर पुसणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी; हे कोणाच्याही रक्ताच्या बाबतीत करावं. मागची खोली त्याला झोपायला हवीशी वाटली, एकांत हवा असला, तर जरूर द्या. भांडी मात्र एकाच मांडणीत राहू द्या. लहान मुलांना कारण कळत नाही, पण कोणाचं ताट बाजूला ठेवायचं असतं हे फार लवकर कळतं, आणि ते शाळेत जाऊन सांगतात.

मिस्टरांना खरं कारण सांगायचं का? त्यांना थोडं कळलेलं दिसतंच, नाहीतर भांड्यांचा विषय निघाला नसता. भावाला विचारून, उरलेलं त्यांना डॉक्टरांकडून ऐकू द्या. दोघं मिळून जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात जा, किंवा १०९७ वर फोन करा. नाव सांगावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि 'मुलांना काही होईल का' हा प्रश्न ते रोज ऐकतात.

जामीन मंजूर झाला तर सुटकेचा कागद बहुतेक वेळा संध्याकाळी कारागृहात पोचतो, आणि घाईघाईत माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर येतो. गोळ्या आतच राहतात. तुरुंग बदलला, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, तरी हेच होतं. म्हणून त्याचा एआरटी नोंदणी क्रमांक आजच मागून घ्या आणि तुमच्या वहीत, फोनमध्ये नाही, लिहून ठेवा. तो क्रमांक घेऊन तुमच्या तालुक्याजवळच्या एआरटी केंद्रात दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात तर औषध पुढे चालू करून देतात. जाताना त्याला एकट्याला पाठवू नका. दीड वर्षाने मोकळा सुटलेला माणूस पहिल्या दिवशी दवाखान्याची रांग धरेलच असं नाही.